चूक दाखविण्याचा अधिकार

गेल्या मार्गशीर्षांत कांहीं घरगुती कामानिमित्त आम्हांस मुरबाड तालुक्यांतील टोकावडे येथें जाण्याचा प्रसंग आला. कल्याणहून निघून मुरबाड व सरळगांव मागें टाकलें म्हणजे माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हें गांव लागतें. आमच्याबरोबर एक स्नेही होते. त्यांचा उभा जन्म शाळेंत मराठी व इंग्रजी शिकविण्यांत गेला आहे. गांवाबाहेरच्या एका वाडीपर्यंत चालून दमल्यामुळें आम्ही एका ओटीवर टेकलों. घरांतून दहा-बारा वर्षांची एक मुलगी तांब्या व दोन पेले घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "पानी घ्या." आमच्या स्नेह्यांनीं पेला हातांत घेतला खरा, पण तो ओठांस लागण्यापूर्वींच त्यांच्यांतील शिक्षक जागा झाला. "पानी नव्हे बाळ, पाणी म्हण. पा-णी." मुलगी गप्प झाली. तिनें एकदां तांब्याकडे व एकदां मागें दाराकडे पाहिलें. तेव्हां उंबऱ्याच्या आंत बसलेली तिची आजी म्हणाली, "थंड हाय ना, गुरुजी? मंग प्या." स्नेही हंसले, आम्हीहि हंसलों. मुलगी मात्र हंसली नाहीं. आणि आम्ही तेथें होतों तोंवर ती पुन्हा एक शब्दहि बोलली नाहीं.

परतीच्या वाटेवर आमचा वाद झाला. स्नेह्यांचें म्हणणें असें कीं, आपण तिच्या हिताचेंच बोललों. उद्यां ही मुलगी तालुक्याच्या शाळेंत जाईल, पुढें कल्याणास जाईल, आणि तेथें वर्गांतल्या मुली तिच्या या 'पानी'ला हंसतील. त्या हंसण्यापेक्षां आजचें सांगणें बरें. आमचें म्हणणें असें कीं, ती आपल्याकडे भाषा शिकावयास आली नव्हती, आपण तिच्या दारीं तहानेले म्हणून गेलों होतों. दोघांचेंहि म्हणणें दोघांस पटलें नाहीं. परंतु घरीं आल्यावर आमच्या मनांतून तो प्रसंग जाईना, आणि विचार करूं लागलों तसतसें आमचें स्वतःचें मत आम्हांस पूर्वींइतकें सोपें वाटेनासें झालें. तो विचार आमच्या वाचकांपुढें मांडावा असें वाटतें. कारण दुसऱ्याची भाषेंतील चूक दाखविणें ही गोष्ट आपल्या वर्गाच्या घरांतून जितक्या सहजपणें घडते तितक्या सहजपणें दुसऱ्याच्या अंगावरचा फाटका कपडा दाखविणें घडत नाहीं.

वास्तविक या बाबतींत आपल्याइतका पोळलेला वर्ग दुसरा नसेल. इंग्रजी भाषेंतील चुकीची जेवढी लाज आपण बाळगली तेवढी दुसऱ्या कोणत्याहि चुकीची बाळगली नाहीं. तर्खडकरांच्या पाठमालेवर ज्यांचे आजे वाढले आणि रेन-मार्टिनच्या व्याकरणावर ज्यांचे वडील वाढले, त्या घरांत हिशेबाची चूक विसरली जाते, पण साहेबापुढें चुकलेलें एक क्रियापद चाळीस वर्षें विसरत नाहीं. आमच्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ तरुणपणीं मुलाखतींत 'माय हेड इज पेनिंग' असें म्हणाले होते. तें वाक्य त्यांस नव्वदाव्या वर्षींहि आठवे, आणि आठवलें कीं ते मान फिरवीत. आतां या वाक्यांत त्यांनीं केलें काय होतें? मराठींत डोकें स्वतः दुखतें. दुखणें हें तेथें क्रियापद आहे. तेंच त्यांनीं इंग्रजींत नेलें. 'कझिन ब्रदर' म्हणणाऱ्यास आपण हंसतों. परंतु ज्याच्या भाषेंत चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ असे चार वेगवेगळे भाऊ नांदतात त्याला इंग्रजांचा तो नुसता 'कझिन', जो भाऊ कीं बहीण हेंहि सांगत नाहीं, अर्धवट वाटावा यांत नवल कोणतें? 'डिस्कस अबाउट' लिहिणारा 'विषयीं चर्चा' हे दोन शब्द मनांत जोडून बसलेला असतो. तात्पर्य, ज्यांस आपण अज्ञान म्हणतों त्या पुष्कळशा चुका म्हणजे एका भाषेचें पक्कें ज्ञान दुसऱ्या भाषेच्या अंगणांत शिरलेलें असतें.

आणि ज्यांच्या नियमांपुढें आपण इतके थरथरलों त्यांचें काय? इंग्रजी व्याकरणाचे पुष्कळ नियम ज्या पुस्तकामुळें घरोघर गेले तें रॉबर्ट लाउथ नांवाच्या धर्मोपदेशकानें १७६२ सालीं लिहिलें. त्यांत चुकीचीं उदाहरणें म्हणून त्यानें शेक्सपिअर आणि मिल्टन यांचींच वाक्यें दाखविलीं! पुढें १९२६ मध्यें फाउलरनें आपल्या प्रसिद्ध कोशांत अशा कित्येक नियमांची गणना भोळ्या समजुतींत केली. वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय येऊं नये, हा नियम इंग्रज लेखकांनीं केव्हांच सोडून दिला. आमच्या शाळांतून मात्र तो नंतरहि कित्येक वर्षें छडीच्या बळावर टिकला. उलट 'प्रीपोन' हा शब्द, जो इकडच्या कचेऱ्यांत बोलला जाई आणि ज्याला सुशिक्षित नाक मुरडीत, त्याला आतां इंग्रजांच्या कोशांतहि जागा मिळाली आहे. नियम करणारे आपसांत भांडत होते, आणि दूरवर बसलेले आपण त्यांच्या भांडणाचा निकाल वेदवाक्य म्हणून पाठ करीत होतों.

एवढें सोसलेल्या माणसानें दुसऱ्याविषयीं तरी सदय व्हावें, असें वाटेल. पण सासुरवास सोसलेली सून पुढें कशी सासू होते तें आपण जाणतोंच. कचेरींत वरिष्ठाच्या चुकीच्या इंग्रजीची नक्कल मसुद्यांत निमूटपणें उतरविली जाते, आणि शिपायाच्या रजेच्या अर्जांतील तीच चूक दुपारच्या चहाबरोबर सर्वांस वाचून दाखविली जाते. चूक दाखविणें हें पाण्यासारखें उताराकडे वाहतें. टिळकांच्या लहानपणची 'संत' शब्दाची गोष्ट आपण मुलांस मोठ्या कौतुकानें सांगतों. त्यांनीं तो शब्द तीन तऱ्हांनीं लिहिला, गुरुजींनीं दोन चूक धरले, आणि मुलानें तिन्ही बरोबर असल्याचा हट्ट सोडला नाहीं. पण त्या वाडीवरील मुलीनें आमच्या स्नेह्यांस "आमच्याकडे पानीच म्हणतात" असें उत्तर केलें असतें, तर तिच्या बाणेदारपणाची गोष्ट आम्हीं कोणास सांगितली असती? तिला उद्धट म्हणून मोकळे झालों असतों.

याहून गंभीर उदाहरण आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांत आहे. जोतीराव फुले यांचें 'गुलामगिरी' १८७३ त प्रसिद्ध झालें, आणि पुढच्याच वर्षीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' सुरू झाली. शास्त्रीबोवांचें मराठी गद्यावरील ऋण आम्ही मानतों. हा निबंध ज्या वळणानें लिहिला जात आहे तेंहि अंशतः त्यांचेंच. तथापि त्यांनीं जोतीरावांच्या ग्रंथाचा समाचार घेतला त्यांत भाषेच्या आणि व्याकरणाच्या उपहासास बरीच जागा दिली. एक मनुष्य विचारीत होता कीं, आमच्यावर शतकानुशतकें अन्याय कां झाला. आणि त्यास उत्तर मिळालें कीं, तुमची विभक्ति चुकली. प्रश्नाचें उत्तर द्यावयाचें नसलें म्हणजे प्रश्नाचें व्याकरण तपासावें, ही युक्ति तेव्हांपासून आजतागायत कामास येत आहे.

आतां त्या 'पानी'चेंच पाहूं. शुद्ध-अशुद्ध ठरविण्यास आपण ज्या संस्कृतची साक्ष काढतों त्या संस्कृतांत मूळ शब्द 'पानीय' असा आहे. त्यांत दंत्य न आहे. प्राकृतांत त्या न चा ण झाला, आणि तो आमच्या 'पाणी' शब्दांत उतरला. संस्कृतांत 'पाणि' म्हणजे हात! त्या मुलीनें प्राचीन रूप जपून ठेविलें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. उत्तर कोंकणांतील कित्येक बोलींत ण चा न होतो, तसा तिच्याहि तोंडीं झाला. परंतु संस्कृत पंडिताला मध्यस्थ बसविलें तर तो आमच्या स्नेह्यांचा कान आधीं धरील, एवढें निश्चित.

टोकावड्याहून आणखी पुढें वैशाखऱ्याच्या बाजूनें नाणेघाटाची वाट चढते. घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण आहे, आणि शेजारच्या लेण्यांत सातवाहनांचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे; राणी नागनिकेच्या नांवानें तो ओळखला जातो आणि विद्वान् त्याचा काळ इसवी सनापूर्वींचें पहिलें शतक धरतात. त्यांत राजकुळानें केलेल्या वैदिक यज्ञांची व दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. अश्वमेध करणारें हें कुळ; पण यादी लिहिली ती प्राकृतांत. तेथें 'दक्षिणा' नाहीं, 'दखिना' आहे. दिलेल्या गायी 'द्वादश' नाहींत, 'बारस' आहेत. आमच्या स्नेह्यांसारखा कोणी त्या काळीं घाट चढून गेला असता तर त्यास तांबड्या शाईची दौत पुरली नसती. आणि तें 'बारस' खोडलें गेलें असतें तर आमचे 'बारा' कोठून आले असते?

असे गुरुजी त्या काळीं नव्हते असेंहि नाहीं. पतंजलीनें महाभाष्यांत 'गो' शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश मोजून दाखविले आहेत. आमची 'गाय' त्याच गोतांतली. पण पतंजलि नुसता शुद्धीचा चौकीदार नव्हता. अर्थ शुद्ध शब्दानें कळतो तसाच अशुद्धानेंहि कळतो, हें तो स्पष्ट मान्य करतो; भेद काय तो धर्माचा, म्हणजे संस्काराचा, असें त्याचें म्हणणें. आणि त्यानेंच सांगितलेली ती वैयाकरण व सारथी यांची गोष्ट आम्हांस फार प्रिय आहे. एक वैयाकरण विचारतो, या रथाचा प्रवेता कोण? सारथी म्हणतो, मी याचा प्राजिता. वैयाकरण म्हणतो, हा अपशब्द झाला. त्यावर सारथी सांगतो कीं, महाराज, आपणांस सूत्र ठाऊक आहे, पण लोकांस इष्ट काय तें ठाऊक नाहीं. हें रूप इष्टच आहे. चिडलेला वैयाकरण त्यास 'दुरुत' म्हणजे वाईट सूत म्हणतो. आणि सारथी शांतपणें त्याची ती शिवीहि दुरुस्त करून देतो: सूत हा शब्द आपण समजतां त्या धातूपासून झालेला नाहीं, निंदाच करावयाची तर 'दुःसूत' म्हणावें! आपल्या शास्त्राच्या मुख्य ग्रंथांत एका व्याकरणाचार्यानें वैयाकरणाचा असा पराभव नोंदवून ठेवावा, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें. ओटीवरची ती आजी त्या सारथ्याच्या कुळांतली असावी.

आमच्या या लिहिण्यावर एक आक्षेप घेतां येईल, आणि तो आमच्या घरांतूनच घेतला गेला. बोलीचें कौतुक पुस्तकांत करावयास पैसे पडत नाहींत. बहिणाबाई चौधरी यांची कविता १९५२ त प्रसिद्ध झाली तेव्हांपासून आपणां सर्वांस ती पाठ आहे. त्या निरक्षर बाईच्या लेवा बोलींतील एकहि अक्षर कोणी सुधारूं म्हणत नाहीं. मात्र तसेंच बोलणारी बाई भांडीं घासावयास येते तेव्हां आपलीं मुलें तिचें बोलणें उचलतील म्हणून आपणांस भीति वाटते. हा आक्षेप खरा आहे. छापलेली बोली आणि दारांत उभी असलेली बोली यांस आपण दोन निरनिराळे न्याय लावतों, आणि आम्ही यांतून सुटलों आहों असा आमचा दावा नाहीं.

पण आम्हांस खरा धक्का बसला तो पुढें फाल्गुनांत. टोकावड्याच्याच बाजूचा एक तरुण कल्याणास नातलगांकडे राहून पदवीधर झाला आहे. तो अधूनमधून आमच्याकडे येतो. एका खासगी कचेरींतील जागेसाठीं त्यानें इंग्रजींत अर्ज लिहिला होता, तो त्यानें आम्हांस वाचावयास दिला. एका पानांत आठ-नऊ चुका होत्या. आम्हांस ती तांब्या धरून उभी असलेली मुलगी आठवली. आपण कोणाचें तोंड असें मिटवावयाचें नाहीं, असा आमचा निश्चय ताजा होता. आम्हीं अर्ज परत दिला आणि म्हटलें, "छान आहे." चैत्रांत तो पुन्हा आला. त्याला मुलाखतीस बोलावलें होतें. तेथें साहेबानें त्याच्या अर्जांतील एक वाक्य इतर उमेदवारांच्या देखत मोठ्यानें वाचलें होतें आणि लोक हंसले होते. तो रागावला नव्हता. त्यानें एवढेंच विचारलें, "तुम्हाला चुका दिसल्या होत्या ना? मग सांगितल्या का नाहीत?" आम्ही म्हणालों, "तुला वाईट वाटेल म्हणून." तो म्हणाला, "वाईट तिथं वाटलं. इथं वाटलं असतं तर चाललं असतं."

त्या दिवसापासून आमच्या स्नेह्यांवर टीका करण्याचा आमचा उत्साह बराच ओसरला आहे. त्यांचें बोलणें निष्ठुर होतें असें आम्ही म्हणत होतों. पण आमचें मौन काय दयाळू होतें? तो तरुण सत्य सोसूं शकणार नाहीं, हें आम्हीं परस्पर ठरवून टाकलें. ज्याला आपण बरोबरीचा मानतों त्याची चूक आपण बिनदिक्कत दाखवितों; भावाच्या पत्रांतील चुकीवर आम्हीं कधीं असें पांघरूण घातलेलें नाहीं. म्हणजे आमच्या त्या सौजन्यांत एक सूक्ष्म तुच्छताच होती. स्नेह्यांनीं मुलीची चूक सुधारली ती आपल्या शिक्षकपणाच्या समाधानासाठीं, आणि आम्हीं तरुणाची चूक झांकली ती आपल्या भलेपणाच्या समाधानासाठीं. दोन्ही वेळां समोरचें माणूस बाजूस राहिलें.

मग या दोन प्रसंगांत भेद काय? एक तर उघड आहे: तरुणानें आमच्या हातीं कागद दिला होता, मुलीनें पेला दिला होता. ज्यानें कागद दिला त्यानें विचारलें. आणि विचारणाऱ्यास खरें उत्तर न देणें ही फसवणूक होय. दुसरें असें कीं, अर्जाचा शेवटचा वाचक आम्ही नव्हतों. तो ज्याच्या टेबलावर जाणार होता त्याला चूक कां झाली याची चौकशी करावयाची नव्हती. 'कझिन ब्रदर'ची मौज त्याला सांगून उपयोग नव्हता. वर आम्हीं नियमांच्या क्षणभंगुरतेविषयीं जें पांडित्य केलें तें सर्व खरें असूनहि त्या मुलाखतीच्या खोलींत कुचकामाचें आहे. नियम मनुष्यानें केले म्हणून ते कुलूप नव्हेत असें होत नाहीं. कुलुपेंहि मनुष्यच करतो. किल्ली आपल्या कमरेला लावून दुसऱ्यास 'कुलूप ही केवळ रूढि आहे' असें सांगणें आम्हांस आतां लाजिरवाणें वाटतें.

हें सर्व आम्हीं स्नेह्यांस सांगितलें तेव्हां ते म्हणाले, "म्हणजे मी बरोबर होतों." तेंहि आम्हांस मान्य नाहीं. त्या मुलीस 'पाणी' शिकविलेंच पाहिजे; पण शाळेंत, पाटीवर, आणि घरीं बोलतां तें राहूं द्या, पुस्तकांत असें लिहितात, या शब्दांत. 'पानी नव्हे' यांतील 'नव्हे' हा शब्दच काय तो अपायकारक. त्या एका शब्दानें तिची आजी, आई आणि सगळी वाडी चुकीची ठरते. स्नेही म्हणाले, परीक्षेच्या कागदावर दोन रूपांना जागा नसते, आणि चाळीस मुलांच्या वर्गांत एवढी नाजूक वाटणी कोण करीत बसणार? या त्यांच्या प्रश्नाचें पूर्ण उत्तर आमच्यापाशीं नाहीं. त्यांनीं तीस वर्षें वर्ग संभाळले आहेत, आम्हीं एकहि नाहीं. फक्त त्यांनीं जातां जातां एक कबूल केलें: पेला आधीं रिकामा करावयास हवा होता.

तो तरुण आतां आपला प्रत्येक अर्ज घेऊन येतो, आणि आम्ही एकहि चूक सोडीत नाहीं. या महिन्यांत आम्हीं त्यास या निबंधाचें हस्तलिखित वाचावयास दिलें. वाचक पाहतच आहेत कीं, आम्ही जुन्या वळणानें अनुस्वार देत लिहितों. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ त सरकारनें मान्य केले तेव्हांपासून अनुच्चारित अनुस्वारांस रजा मिळाली आहे, आणि हा तरुण त्याच नियमांवर शिकला आहे. त्यानें शिसपेन्सिल घेऊन पहिल्या पानावरील शेंकडों अनुस्वारांभोंवतीं निर्दयपणें वर्तुळें काढलीं, आणि मान वर करून विचारलें, "हे सगळे काढायचे ना?" आम्हीं म्हटलें, राहूं दे, संपादक काय करतील तें करोत. तो गेल्यावर आम्हीं तें पान उचलून पाहिलें. सबंध पान वर्तुळांनीं भरलें होतें; त्या मुलीच्या 'पानी'भोंवतीं मात्र त्यानें वर्तुळ काढलें नव्हतें.